रस्ता लुकलुकतोय, मग कार्ड गेलं का?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ह्या सदरात ह्या महिन्यात गेममधल्या चित्राच्या तक्रारी एवढ्या आल्यात की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले, प्रिंटरवाल्यांनी राग मानू नये. सुट्टी लागलीय, सोलापुरात बाहेर ४३ अंश, पोरं दिवसभर घरात, मग हेच होणार. पत्रं वेगवेगळी आहेत पण फिरून प्रश्न एकच, चित्र बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या. गेमची नावं मुद्दाम छापत नाही, कारण नुसत्या पत्रावरनं कुठल्या कंपनीला दोषी ठरवायचं मला जमणार नाही.

प्रश्न : दादा नमस्कार. मी अशोक चौकात राहतो, कॉलेजला आहे. पीसीवर ट्रक-बसचा सिम्युलेटर खेळतो, त्यात आपल्याकडच्या रस्त्यांचा मॅप मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोड) टाकलाय आणि लालपरीचा मॉड, एकदम भारी वाटतं, हॉर्न पण एसटीचाच. पण लांबचे पांढरे पट्टे सारखे लुकलुकतात, झेब्रा क्रॉसिंगवर मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. दुकानात नेलं तर म्हणले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा भाग, गेलंय, नवीन टाका, १८ हजार. भाऊ म्हणतो ड्रायव्हर. मित्र म्हणतो कंपनीच भंगार आहे. मॉड बनवणाऱ्याला मी मेसेजमध्ये जरा जास्तच बोललो तर त्यानं मला ब्लॉक केलं. नक्की चूक कुणाची?

उत्तर : ब्लॉक केलं ते बरोबरच केलं, आधी ते सांगतो. फुकटात एवढा मॅप करून देणाऱ्या पोराला कुणी असं बोलतं का बे. आता गंमत अशी की ह्या प्रकरणात बरीचशी चूक खरंच त्याचीच निघणार आहे, पण ती तू म्हणतोस तसली नाही.

पहिलं काम, बस रस्त्याच्या कडेला घे, हँडब्रेक लाव, माउसला हात लावू नको आणि लांबच्या पट्ट्याकडं बघत बस. बस थांबल्यावर लुकलुकणं पण बहुतेक थांबलं आणि बस हलली की परत सुरू झालं, तर कार्ड ठणठणीत आहे, १८ हजार खिशात ठेव. कार्ड खरंच मरायला लागलेलं असतं तेव्हा ते तू थांबलायस का पळतोयस ह्याची वाट बघत नाही, उभ्या चित्रात पण ठिपके नाचतात, आणि एकाच गेममध्ये नाही, सगळीकडं.

मग हे लुकलुकतंय काय. आपल्याकडची चादर घे, तिच्यावर दुसरी चादर अशी अंथर की मध्ये हवा पण राहणार नाही, आणि आता रस्त्याच्या पलीकडं जाऊन सांग वरची कुठली आणि खालची कुठली. गेममध्ये डांबर ही एक चादर आणि पांढरा पट्टा ही दुसरी. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी कार्ड एक आकडा ठेवतं, ही वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब, आणि दोन वस्तू एकाच ठिपक्यात आल्या की जवळची दाखवतं. आकडे जवळजवळ सारखेच निघाले की एका फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवर भराभर बदलणाऱ्या चित्रांतल्या एकात, डांबर जिंकतं, पुढच्या फ्रेममध्ये पट्टा. ह्याला झेड-फायटिंग म्हणतात.

खरी मजा त्या आकड्यांत आहे, जरा थांबून वाच. हा अंतराचा आकडा बऱ्याच गेममध्ये २४ बिटचा असतो, म्हणजे १ कोटी ६७ लाख पायऱ्या. ऐकायला लई वाटतात ना, पण त्या सगळीकडं सारख्या वाटलेल्या नसतात, कॅमेऱ्याजवळ खच्चून भरलेल्या आणि लांब गेलं की विरळ. समज गेमनं ठरवलं की कॅमेऱ्यापासून १० सेंटीमीटरच्या पुढचं दाखवायचं, तर जुन्या पद्धतीच्या हिशोबात १० ते २० सेंटीमीटर एवढ्या जागेतच निम्म्या पायऱ्या संपतात! उरलेल्या निम्म्यांत सगळा रस्ता, झाडं, टोलनाका, डोंगर. त्याच हिशोबानं १०० मीटरवर एक पायरी ६ मिलिमीटरची होते, २०० मीटरवर सुमारे अडीच सेंटीमीटरची, आणि एक किलोमीटरवर ६० सेंटीमीटरची. मॅपवाल्यानं पट्टा डांबराच्या वर समज एक सेंटीमीटर ठेवला असेल, जवळनं बघून त्याला छान दिसला, त्यानं पुढचं गाव बनवायला घेतलं. २०० मीटरवरनं कार्डाला तो सेंटीमीटर दिसणारच नाही.

मग म्हणशील १० सेंटीमीटरपासनं कशाला, एक मीटरपासनं सुरू कर की. बरोबर, नुसतं बाहेरनं गाडी दाखवणाऱ्या गेममध्ये तसं चालतं. पण सिम्युलेटरमध्ये तू ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला असतोस, स्टिअरिंग नाकासमोर, डॅशबोर्ड, गिअरचा दांडा, हे सगळं दिसलं पाहिजे आणि त्याच वेळी तीन किलोमीटरवरची पवनचक्की पण दिसली पाहिजे. म्हणून हा रोग गाडी आणि विमानाच्या सिम्युलेटरांना जास्त छळतो. बाहेरच्या कॅमेऱ्यावर जाऊन बघ, काही गेममध्ये तिथं लुकलुकणं कमी होतं, कारण तिथं त्यांना नाकासमोरचं दाखवायचं नसतं.

ह्याच्यावर औषध आहे. अंतराचा आकडा उलटा मोजायचा आणि दशांशवाल्या पद्धतीनं ठेवायचा, मग पायऱ्या लांबवर पण पुरतात, आजकालची बरीच इंजिनं (बसचं नव्हे, गेमच्या खालचा मूळ प्रोग्राम) असंच करतात. जुन्या इंजिनात ते घुसवायचं म्हणजे चालू यंत्रमागाचे धागे बदलण्यासारखं, एक बदलला की दहा तुटतात, म्हणून काही कंपन्या वर्षानुवर्षं टाळतात. तर सोळा आण्यांतले बारा आणे मॅपवाल्याचे, चार आणे इंजिनवाल्यांचे, कार्डाचा एक पैसा नाही. नक्की करायचं असेल तर सगळे मॉड काढून गेमच्या मूळ रस्त्यावर तसंच ऊन, तसाच वेळ लावून चालव. तिथंपण तेवढंच लुकलुकलं तर माझे आणे उलटे कर.

भाऊ ड्रायव्हर म्हणाला ते ह्या वेळी चुकलं, पण माणूस अगदी वेड्यासारखं बोलत नाहीये. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. आपल्या सोलापुरात घरात तेलुगू, शाळेत मराठी, गिऱ्हाईक आलं की कन्नड, असं चालतंच की. तसं गेम एका भाषेत बोलतो, कार्डाला त्याच्या स्वतःच्याच भाषेत कळतं, मधला माणूस ड्रायव्हर. दुभाष्यानं घोळ घातला की ओळखायची खूण अशी, काल चालत होतं, ड्रायव्हर अपडेट झाला आणि आज बिघडलं, त्याच कंपनीचं कार्ड असलेल्या मित्राकडं पण तसंच, दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर मात्र ठीक. जुना ड्रायव्हर टाकला की गायब. तुझ्याकडं ह्यातलं काहीच नाही.

दुकानवाल्याबद्दल काय बोलू, मी पण त्याच धंद्यातला. एवढंच म्हणतो की गेम चालू करून न बघता कार्ड गेलं म्हणणं म्हणजे नाडी न बघता सलाईन लावणं.

मॉडवाल्याला दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरनं माफी माग, आणि तक्रार अशी कर की त्याला काम करता येईल. कुठल्या गावाजवळ, कुठल्या चौकात, किती लांबनं, कुठलं व्हर्जन, अजून कुठले मॉड चालू होते आणि ते कुठल्या क्रमानं, सोबत स्क्रीनशॉट. बऱ्याच गेमच्या फोल्डरमध्ये लॉगची फाईल असते, कुठलं टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) सापडलं नाही वगैरे सगळं त्यात लिहिलेलं असतं, ती पाठव. आणि हो, लालपरी मॉड आणि मॅप मॉड दोघं एकाच फाईलला हात घालत असतील तर दोघंही निर्दोष आणि भांडण तू लावलंयस, हे पण होतं.

प्रश्न : भाऊ, आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो, खाली आमचे माग आहेत, वर घर. मुलगा दहावीत गेलाय. शेतीचा गेम खेळतो, ट्रॅक्टर, ऊस, सगळं त्यात आहे म्हणे, हे म्हणतात खऱ्या शेतावर ये म्हटलं तर येत नाही. आता गेम खेळताना अर्ध्या तासानं स्क्रीनवर रंगीत चौकोन येतात, हिरव्या गुलाबी रेघा येतात, मध्येच स्क्रीन काळी होऊन परत येते. तो म्हणतो गेम कंपनीनं अपडेट दिलं तेव्हापासनं हे होतंय आणि नवीन कार्ड घेतलं की जाईल. माझं म्हणणं, चूक कंपनीची असेल तर कार्ड आम्ही का घ्यायचं? हे म्हणतात कॉम्प्युटरच काढून टाका. काय करू?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न एकदम वकिली आहे, मुलाला त्यातच धरा. पण ह्या वेळी मला गेम कंपनीवर संशय नाही. अर्धा तास चांगलं आणि मग बिघडतं, म्हणजे काहीतरी तापतंय.

एक करून बघा. रेघा आल्या की मुलाला स्क्रीनशॉट काढायला सांगा आणि तो मोबाईलवर पाठवून मोबाईलमध्ये बघा. मोबाईलवर चित्र स्वच्छ दिसलं तर बिघाड बहुतेक मॉनिटरमध्ये किंवा केबलमध्ये, केबल दोनशे-तीनशे रुपयात येते, आधी ती बदला. मोबाईलवर पण चौकोन दिसले तर बिघाड मॉनिटरच्या आधीचा आहे. मग गेम बंद करून नुसतं डेस्कटॉपवर बघा, आणि कॉम्प्युटर चालू होताना जे कंपनीचं चिन्ह येतं तिथं पण ठिपके दिसतात का बघा. तिथं विंडोज नसतं, गेम नसतो, तिथं ठिपके म्हणजे कार्ड, किंवा फारतर मदरबोर्डवरची कार्डाची जागा. स्क्रीन काळी होऊन परत येते त्याचं कारण असं की विंडोज कार्डाला काम देतं आणि सुमारे दोन सेकंद वाट बघतं, उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर परत चालू करतं. म्हणजे विंडोज बिचारं सावरून घेतंय.

आता तुम्ही लिहिलेली सगळ्यात कामाची गोष्ट, खाली माग आहेत. ताई, माग असलेल्या घरातले कॉम्प्युटर मी वीस वर्षं उघडतोय. कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, पंखा ते ओढून घेतो आणि कार्डाच्या त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. एकदा साखर पेठेतल्या एका घरचं कार्ड उघडलं तर आतनं अख्खी वात निघाली, देवापुढं लावता आली असती. वारा जायलाच जागा नाही, त्यात मे महिना. खोलीतच ४२ अंश असेल तर पंखा कितीही गरगर फिरला तरी ४२ च्या खाली काहीच गार करू शकत नाही. कार्ड आधी स्वतःचा वेग कमी करतं, ते पण पुरलं नाही की त्याच्या मेमरीत चुका व्हायला लागतात, तेच तुमचे रंगीत चौकोन.

म्हणून आधी साफसफाई. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर वाऱ्यानं भलताच जोरात फिरून त्याचं बेअरिंग जातं. जुनं कार्ड असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पट्ट्यांकडं नेणारा लेप) बदलून घ्या. मी ३०० घेतो, दुसरीकडं थोडं इकडंतिकडं. कॉम्प्युटर जमिनीवर असेल तर टेबलावर ठेवा. आणि माग चालू असताना व्होल्टेज खालीवर होत असणारच, चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि स्टॅबिलायझर नसेल तर नवीन कार्डाची पण तीच गत होईल.

हे सगळं करून पण ठिपके राहिलेच तर कार्ड गेलं म्हणा. मग दोन पथ्यं. एक, सेकंडहँड स्वस्तात मिळतंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या डिजिटल नाण्याचं मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून नाणी कमावणं, ह्या कार्डांवर करणं बंद पडलं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, घेताना अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दोन, मुलगा व्हिडिओ बघून कार्ड ओव्हनमध्ये भाजूया म्हणेल. नको. चार दिवस चालतं, परत मरतं, आणि त्या ओव्हनमध्ये नंतर काय नानकटाई करणार तुम्ही.

मुलाची बाजू पण राहू नये म्हणून सांगतो, कंपनीच्या अपडेटनं कार्ड तापायचं उदाहरण आहे. मार्च २०१० मध्ये कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं १९६.७५ नंबरचा ड्रायव्हर दिला, त्यात पंख्याच्या वेगाचा घोळ निघाला, कार्डं तापायला लागली आणि तो मागे घ्यावा लागला. तिथं धूळ नव्हती, उन्हाळा नव्हता, चूक सरळ कंपनीची. पण तो ड्रायव्हर होता, शेतीचा गेम नव्हे. आणि ऊस गेममध्ये आहे हे खरंय, फार्मिंग सिम्युलेटरमध्ये २०१७ सालीच आला, साहेबांना सांगा, निदान पोराला उसाची लागण माहीत आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षक, होटगी रोडला राहतो. नातवानं विमानाचा एक गेम दाखवला, सगळं जग त्यात आहे म्हणाला. मी म्हटलं सोलापूर दाखव. तलाव दिसला, पण सिद्धेश्वराचं देऊळ देवळासारखं दिसेना, तिथं भलतंच घर उभं. किल्ल्याच्या बाजूलाही अशीच घरं. ह्याला जबाबदार कोण? एवढी मोठी कंपनी आणि साधं देऊळ ओळखता येऊ नये?

उत्तर : सर, नमस्कार. तुमच्या पत्रातलं शुद्धलेखन बघून मी माझं उत्तर दोनदा तपासलं, तरी चुका असतील तर सांभाळून घ्या.

तुम्ही बघितलं त्याला बिघाड म्हणायचं का हाच वाद आहे, कारण कार्डानं, ड्रायव्हरनं, इंजिननं आपापलं काम चोख केलंय. त्यांना जे घर सांगितलं ते त्यांनी काढलं. अख्ख्या जगातली घरं माणसं बसवून काढता येत नाहीत, म्हणून उपग्रहाचा फोटो मशीनला देतात, ते छपराच्या आकारावरनं अंदाज बांधतं आणि ठरावीक साच्यातलं घर उभं करतं. वरनं बघितलं तर देऊळ काय आणि गोडाऊन काय, मशीनला चौकोनच. २०२० साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला, फ्रान्सच्या असोबो स्टुडिओनं बनवलेला, त्यात सुरुवातीला लंडनचा बकिंगहॅम पॅलेस ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता. राणीच्या घराची ही गत तर आपण कोण.

त्याच गेममधला दुसरा किस्सा तुम्हाला वर्गात सांगायला आवडला असता. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात बैठ्या घरांच्या मधोमध आकाशात घुसलेला एक सुळका उभा राहिला, २१२ मजली. लोक विमान घेऊन तो बघायला जायला लागले, कुणी त्याच्यावर विमान उतरवलं पण. शोधल्यावर कळलं की ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जो लोकांनीच भरलेला नकाशा आहे त्यात कुणीतरी एका इमारतीचे मजले लिहिताना २ ऐवजी २१२ टाइप केलं होतं. चूक नकाशात नंतर दुरुस्तही झाली होती, पण गेममध्ये आधीची प्रत गेलेली.

आता जबाबदार कोण सांगा. ज्याचं बोट घसरलं तो? तो तर पदरचा वेळ घालून फुकट नकाशा भरत होता. माझ्या मते तिथं चूक गेमवाल्यांचीच, कारण दुसऱ्याचा माल आपल्या दुकानात विकायचा तर तपासून घ्यायचा, आजूबाजूला दोन मजली घरं असताना मध्येच २१२ मजले दिसले तर एवढी साधी चाळणी लावता आली असती. शिक्षकांना हे सांगायला नको, उत्तरपत्रिकेत १०० पैकी २१२ मार्क पडले तर तुम्ही गुणपत्रिकेवर चढवाल का.

अजून एक. फोटो कधीचा आहे ह्यावर पण सगळं असतं. आपल्या साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्या चिमणीवरनं गावात किती वर्षं वाद चालला ते तुम्हाला माहीतच आहे, पण एखाद्या गेमचा फोटो त्याच्या आधीचा असेल तर त्यातल्या वैमानिकाला होटगी रोडच्या विमानतळावर उतरताना ती अजून आडवी येणार!

आणि थोडं बोट आपल्याकडं पण वळतं. तो नकाशा कुणालाही भरता येतो, २००४ पासनं चालू आहे, फुकट खातं उघडायचं आणि इमारतीला देऊळ, शाळा, किती मजले हे लिहायचं. नातवाला घेऊन बसा, सिद्धेश्वर, किल्ला, तुमची शाळा, जिथं काही लिहिलेलं नसेल तिथं भरा. गेममध्ये लगेच दिसेल असं नाही, त्यांची प्रत कधी बदलेल ते त्यांच्या हातात, पण नकाशा इतर पन्नास कामांना वापरला जातो. मजले टाइप करताना चष्मा लावा.

प्रश्न : सैफुलहून लिहितोय. एका सिम्युलेटरमध्ये खूप मोठा मॅप टाकलाय. जिथनं सुरुवात होते तिथं सगळं लोण्यासारखं, पण जसजसा लांब जातो तसतसे आरसे, स्टिअरिंग, हात, सगळं थरथरायला लागतं, थंडी वाजल्यासारखं. परत मागे आलो की बंद. कार्ड नवीन आहे. भूत आहे का काय?

उत्तर : भूत नाही, पण एका गेमनं ह्याला राक्षसाचं नाव दिलेलं आहे, पुढं सांगतो.

गेममध्ये प्रत्येक वस्तू शून्यापासून किती मीटरवर आहे ते लिहून ठेवतात, आणि ते बहुतेक ३२ बिटच्या दशांश आकड्यात. ह्या आकड्याला फक्त सात आकडे धड लक्षात राहतात. समज आपल्या सात रस्ता चौकात शून्य धरलं आणि खऱ्या मापाचा मॅप केला. चौकात उभा आहेस तोवर मिलिमीटरचा बारीक हिस्सा पण मोजता येतो. टेंभुर्णीला पोचलास की आकडा सुमारे ८ मिलिमीटरच्या पायरीनंच सरकतो, मधली जागा त्याला माहीतच नाही. पुण्यात पोचलास की पायरी दीड सेंटीमीटरची. डोंगर दीड सेंटीमीटर इकडंतिकडं झाला तर कुणाला कळतंय, पण नाकासमोरचं स्टिअरिंग दर फ्रेमला एवढं उडी मारायला लागलं की थरथर दिसणारच. कार्ड कितीही महाग घे, आकडाच तसा आला तर ते तरी काय करणार.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम म्हणून रॉकेट उडवायचा गेम आहे, मेक्सिकोतल्या लोकांनी बनवलेला, २०११ मध्ये पहिल्यांदा बाहेर आला. त्यात अंतराळात लांब गेलं की यान थरथरायचं आणि आपोआप तुकडे व्हायचे. खेळणाऱ्यांनी त्याला क्राकेन म्हणायला सुरुवात केली, जहाजं गिळणारा समुद्रातला राक्षस. बनवणाऱ्यांनी शेवटी डोकं लावलं, यानाला कायम शून्याजवळ ठेवायचं आणि यानाऐवजी सगळं विश्वच सरकवायचं. आपल्याकडं कुणाला ही कल्पना सुचली असती तर त्याचं कीर्तन झालं असतं.

तर तुझ्या बाबतीत, गेमचं इंजिन हे शून्य सरकवायचं काम करत नसेल तर चूक इंजिनची, पण बनवणाऱ्यांनी मॅप एवढाच मोठा करा असं आधीच लिहून ठेवलं असेल आणि मॉडवाल्यानं त्याच्या चौपट ताणला असेल तर चूक मॉडवाल्याची. मॉडच्या सोबतची माहिती वाच, बऱ्याचदा तिथं लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

प्रश्न : पार्क चौक. गाडी वळवली की चित्र मधनं आडवं कापल्यासारखं दिसतं, वरचा भाग पुढं, खालचा मागं. कंपनीला मेल करू का?

उत्तर : नको, त्यांना बरीच कामं आहेत. तुझी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते आणि कार्ड आपल्याच तालात त्याच्यापेक्षा कमीजास्त चित्रं फेकतंय, स्क्रीन अर्धी रंगली की दुसरं चित्र येतं. सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू कर. स्टिअरिंग जरा जड वाटायला लागलं तर फ्रेमची मर्यादा ६० च्या किंचित खाली ठेवून बघ. ह्यात दोष कुणाचाच नाही, दोन बैल एका जोखडाला नीट जुंपले नाहीत एवढंच.

प्रश्न : विजापूर रोडवरनं. शहर वसवायचा एक नवीन गेम पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे देऊन घेतला, महिन्याचा पॉकेटमनी गेला. नुसता अडकतोय, सावल्या फाटतात. कंपनी म्हणते आम्ही पॅच (दुरुस्तीचं अपडेट) देतोय, तुमचा पीसी जुना. माझा पीसी त्यांनी सांगितलेल्या रिक्वायरमेंटपेक्षा वरचा आहे. पैसे परत मागता येतात का, का ही माझीच चूक?

उत्तर : रिक्वायरमेंटपेक्षा वरचा पीसी असेल तर तुझी चूक शून्य. ती यादी कंपनीनंच लिहिलेली असते. हॉटेलवाल्यानं बोर्डावर कडक भाकरी लिहायची आणि ताटात मऊ वाढून तुमचेच दात कच्चे म्हणायचं, असं नाही चालत.

शहराच्या गेमचं एक गाजलेलं प्रकरण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिटीज स्कायलाइन्स २ आला, फिनलंडच्या कोलोसल ऑर्डरचा. भारी कार्डांवर पण रडायला लागला. लोकांनी आत डोकावून बघितलं तर रस्त्यावरनं चालणाऱ्या मुंगीएवढ्या माणसांच्या तोंडात पूर्ण दात घडवलेले! नेहमीची रीत अशी की वस्तू लांब गेली की तिचं साधं, ओबडधोबड रूप दाखवायचं म्हणजे कार्डाला कष्ट कमी, ती सोय त्या माणसांना केलेलीच नव्हती. नुसते दात हे एकच कारण नव्हतं, पण काम अर्धवट राहिलंय हे त्यातनं कळलं. आणि गेम आपण ठरवलेल्या वेगाला पोचलेला नाही हे कंपनीनं विक्रीच्या आधी स्वतःच सांगितलं होतं, तरी तारीख तीच ठेवली. अशा वेळी मला त्या प्रोग्रामरांवर राग येत नाही, दात कोरणारा कलाकार तर मन लावून काम करत होता. तारीख कोण ठरवतं त्याला विचारायचं, आणि तो माणूस कधीच समोर येत नाही.

पैशाचं म्हणशील तर स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानातनं घेतला असशील आणि घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर परत मिळतात, कारण पण फार विचारत नाहीत. अडकतोय का बघत बघत तीन तास घालवू नको, मीटर चालूच असतं. पहिल्या अर्ध्या तासात नुसतं अडखळणं असेल तर थोडा धीर धर, काही गेम पहिल्यांदा चालवताना शेडर (रंग-सावल्या काढायचे कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार करत असतात, दुसऱ्या वेळी सुरळीत होतात. सावल्या फाटणं मात्र त्यानं जात नाही. आजच अर्ज टाक, आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवशी घेऊ नको, सहा महिन्यांनी तोच गेम दुरुस्त होऊन निम्म्या किमतीत सेलला येतो.

अशोक चौकवाल्या मित्रा, बस उभी करून बघितल्यावर काय झालं ते मला कळव. मॉडवाल्यानं पट्टे उचलले तर मॅपचं नवीन व्हर्जन मला पण पाठव, मी अजून जुन्यावरच चालवतोय.